रुंद अक्षरे आणि अरुंद रूळ



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी मुलांचे गट पाडून त्यांच्या नावांची यादी मला सूचनाफलकावर लावायची होती. यादी मराठीत असावी, अशी माझी इच्छा. हाताने लिहिली असती तर अर्ध्या तासाचे काम. पण आपण मुलांना 'सी' ही संगणकभाषा शिकण्याचा आग्रह करतो, तर आपणही ती वापरावी म्हणून मी एक छोटी आज्ञावली लिहायला बसलो. नावे वाचायची आणि क्रमाने छापायची, एवढेच तिचे काम.

पहिल्या दिवशी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटली. दुसऱ्या दिवशी यादीचा मथळा उमटला, पण खाली एकही नाव नाही. तिसऱ्या दिवशी नावे उमटली. मी खुशीत येऊन यादी फलकावर लावली. दुपारी एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, माझं अर्धं नाव कुठं गेलं?"

त्याचे नाव ज्ञानेश्वर. यादीत होते 'ज्ञाने' आणि त्यापुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह.

या तीन दिवसांत माझ्या तीन चुका झाल्या. तिन्ही चुका एकाच गोष्टीच्या अज्ञानातून झाल्या होत्या. ती गोष्ट म्हणजे संगणक अक्षर कसे ओळखतो आणि ते बाहेर कसे पाठवतो. आज आपण तीच समजून घेऊ.

अक्षर म्हणजे क्रमांक

आपल्या सोलापूरची चादर तुम्ही पाहिलीच असेल. तिच्यावरचे मोर, फुले, वेलबुट्टी जॅकार्ड मागावर विणली जाते. १८०४ साली फ्रान्समधील जॅकार्ड याने या यंत्राची रचना केली. त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ असते. जेथे भोक आहे तेथे उभा धागा उचलला जातो, जेथे नाही तेथे तो खालीच राहतो. मागाला मोर ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असते फक्त 'भोक आहे' आणि 'भोक नाही'.

संगणकाचेही असेच आहे. त्याला ठाऊक असतात फक्त १ आणि ०. अशा एका खुणेला बिट म्हणतात, आणि आठ बिटांच्या गटाला बाइट. आठ जागी प्रत्येकी दोन शक्यता, म्हणजे दोनचा आठवा घात : २५६. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी कोणताही एक अंक मावतो. अक्षर साठवायचे तर त्याला आधी एक क्रमांक द्यायला हवा. १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' नावाचा असा एक तक्ता प्रमाण ठरला. त्यात ० ते १२७ असे १२८ क्रमांक. रोमन लिपीतील मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५, लहान 'ए'चा ९७.

१९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी 'सी' भाषा तयार केली. त्या भाषेत अक्षरासाठी जे खण ठेवले, त्याचे नाव 'चार', म्हणजे कॅरेक्टरचे संक्षिप्त रूप. हे खण एका बाइटचे. इंग्रजीसाठी ते पुरेसे होते. एक अक्षर, एक खण, एक बाइट.

चार लिप्यांचे शहर

आता आपल्या शहरात या. सोलापुरात दुकानांच्या पाट्या मराठीत दिसतात, तशा काही भागांत तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही दिसतात. या सर्वांची अक्षरे २५६ क्रमांकांत कशी बसवायची?

भारतात यावर एक सुंदर तोड निघाली. देवनागरी, तेलुगू, कन्नड, बंगाली या लिप्यांची वळणे निराळी असली, तरी वर्णमाला एकाच साच्यातली आहे : अ आ इ ई, क ख ग घ. मग त्या सर्वांतील 'क'ला एकच क्रमांक का देऊ नये? याच विचारावर 'इस्की' हा भारतीय तक्ता उभा आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली तो प्रमाण म्हणून स्वीकारला. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढलेले 'जिस्ट' हे तंत्र याच तक्त्यावर चालत असे.

परंतु एकाच कागदावर तेलुगू, मराठी आणि उर्दू नावे शेजारीशेजारी हवी असतील, आणि तोच कागद जपानमध्येही वाचता यावा असे वाटत असेल, तर जगातील प्रत्येक अक्षराला स्वतःचा, दुसऱ्या कोणालाही न दिलेला क्रमांक हवा. असा तक्ता म्हणजे 'युनिकोड'. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली. त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक मिळाले. अ म्हणजे २३०९, क म्हणजे २३२५, स म्हणजे २३६०.

येथे एक गंमत पाहा. तेलुगू 'क'चा क्रमांक ३०९३, म्हणजे देवनागरी 'क'पेक्षा ७६८ ने जास्त. कन्नड 'क'चा ३२२१, म्हणजे ८९६ ने जास्त. 'ख'ची तुलना केलीत तरी हेच फरक येतील, 'स'ची केलीत तरी हेच. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली, म्हणून वर्णमालेचा तो जुना साचा जगाच्या तक्त्यात आजही जसाच्या तसा दिसतो.

मराठीची खास अक्षरेही यात आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यातील 'र' चा क्रमांक २३५२, दुसऱ्यातील 'ऱ' चा २३५३. क्रमांकात एकाचा फरक पडला की समुद्राच्या दऱ्या होतात!

रुंद अक्षर

२३६० हा क्रमांक एका बाइटमध्ये मावणार नाही हे उघड आहे. म्हणून 'सी' भाषेचे १९८९ साली प्रमाणीकरण झाले तेव्हा तीत अधिक रुंदीचे एक खण आले. त्याचे नाव 'डब्ल्यूचार-टी'. यातला 'डब्ल्यू' म्हणजे वाइड, रुंद. त्यात ठेवलेल्या अक्षराला आपण 'रुंद अक्षर' म्हणू. मात्र अशी अक्षरे पडद्यावर किंवा फाइलीत लिहिण्याच्या बहुतेक आज्ञा १९९५ च्या दुरुस्तीने आल्या. एक रुंद अक्षर लिहिण्यासाठी 'एफपुटडब्ल्यूसी', रुंद अक्षरांची ओळ लिहिण्यासाठी 'एफपुटडब्ल्यूएस', आणि हव्या त्या साच्यात मजकूर छापण्यासाठी 'डब्ल्यूप्रिंटएफ'. (आज्ञावलीत ही नावे रोमन लिपीत लिहावी लागतात. येथे मी ती उच्चाराप्रमाणे देत आहे.)

अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर रुंद आहे हे संगणकाला कळावे म्हणून त्याच्या आधी रोमन मोठा 'एल' जोडतात.

लिनक्स प्रणालीवर हे खण साधारणपणे ३२ बिटांचे, म्हणजे ४ बाइटांचे असते. 'सोलापूर' या शब्दात स, ओकाराची खूण, ल, काना, प, दीर्घ ऊकार आणि र असे सात क्रमांक येतात. म्हणजे सात खणे, २८ बाइट.

कुर्डुवाडीचे स्थानक

आता खरा प्रश्न. संगणकाच्या स्मृतीत रुंद अक्षरे आहेत, परंतु फाइल, पडदा, दूरध्वनीची तार या सर्वांतून वाहतात ते बाइट. 'सी' भाषेत या वाहत्या मार्गाला 'स्ट्रीम', म्हणजे प्रवाह, असे म्हणतात. रुंद अक्षर या अरुंद मार्गावरून जाणार कसे?

आपल्या जिल्ह्यातील कुर्डुवाडी आठवा. मुंबईहून सोलापूरकडे येणारा लोहमार्ग ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला जी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली ती नॅरोगेज, अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. मोठ्या गाडीचा डबा त्या रुळांवर चढणेच शक्य नव्हते. मग कुर्डुवाडीला पोती उतरवायची, लहान डब्यांत नीट लावायची आणि पुढे न्यायची. माल तोच, डबे वेगळे.

रुंद अक्षर प्रवाहात लिहिले जाते तेव्हा हेच घडते. प्रत्येक क्रमांक सोडवून लहान डब्यांत, म्हणजे बाइटांत भरला जातो. कोणत्या नियमाने भरायचा? आज बहुतेक ठिकाणी जो नियम वापरतात त्याचे नाव 'यूटीएफ-८'. सप्टेंबर १९९२ मध्ये केन टॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासह न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, जेवणाच्या टेबलावरील कागदावर तो मांडला.

नियम तुमच्या आवाक्यातला आहे. ० ते १२७ हे क्रमांक एकाच बाइटमध्ये जसेच्या तसे जातात. १२८ ते २०४७ या क्रमांकांना दोन बाइट, २०४८ ते ६५,५३५ यांना तीन आणि त्यापुढच्यांना चार. तीन बाइटांची रीत अशी : क्रमांकाला ६४ ने भागा, बाकी बाजूला ठेवा, आलेल्या भागाकाराला पुन्हा ६४ ने भागा. 'स' घेऊ.

२३६० ÷ ६४ : भागाकार ३६, बाकी ५६.
३६ ÷ ६४ : भागाकार ०, बाकी ३६.

असे तीन तुकडे मिळाले : ०, ३६, ५६. पहिल्यात २२४ मिळवा, उरलेल्या दोहोंत प्रत्येकी १२८. उत्तर : २२४, १६४, १८४. 'स' हे अक्षर प्रवाहात जाते ते या तीन डब्यांतून.

ही २२४ आणि १२८ ची भर कशासाठी? ती डब्यावरची पाटी आहे. २२४ ते २३९ यांपैकी बाइट दिसला की समजावे, तीन डब्यांची गाडी येथे सुरू झाली. १२८ ते १९१ यांपैकी दिसला की समजावे, हा मधला किंवा शेवटचा डबा आहे. त्यामुळे प्रवाहात मध्येच कोठे डोकावलात, तरी अक्षर कोठे सुरू होते ते शोधता येते.

देवनागरीची सर्व अक्षरे या तीन बाइटांच्या गटात पडतात. म्हणून 'सोलापूर' शब्द फाइलीत गेला की ७ × ३ = २१ बाइट होतो. स्मृतीत २८, फाइलीत २१. रुंद अक्षर बाहेर गेल्यावर रुंद राहत नाही.

पहिली चूक : हमालांना नियम सांगितलाच नाही

आता माझी प्रश्नचिन्हे. 'सी'तील आज्ञावली सुरू होते तेव्हा ती मुलखाविषयी काहीच गृहीत धरत नाही. मूळच्या मोजक्या रोमन अक्षरांपलीकडची अक्षरे कशी पाठवायची, हे तिला सांगावे लागते. त्यासाठी 'सेटलोकेल' ही आज्ञा आहे. तिला रिकामे अवतरण दिले की अर्थ होतो, 'या संगणकाच्या मालकाने जी भाषा आणि जो नियम निवडला आहे, तो वापर.' मी ती आज्ञा द्यायलाच विसरलो होतो. पोती उतरली, पण ती कशी लावायची ते हमालांना ठाऊक नव्हते. अशा वेळी काही संगणकांवर प्रश्नचिन्हे उमटतात, काहींवर काहीच उमटत नाही.

आज्ञावलीच्या आरंभी ही एक ओळ घातली की हा प्रश्न सुटतो. आणखी एक सवय लावून घ्या. 'एफपुटडब्ल्यूसी' ही आज्ञा आपले काम झाले की लिहिलेले अक्षर उत्तरादाखल परत देते. काम झाले नाही तर 'डब्ल्यूईओएफ' ही खूण देते. हे उत्तर तपासत जा. प्रयोगात आपण मापन तपासतो, तसेच हे.

दुसरी चूक : एका रुळावर दोन गाड्या

दुसऱ्या दिवशी मथळा दिसला, नावे नाहीत. कारण असे. मथळा मी 'प्रिंटएफ' या जुन्या, बाइटांच्या आज्ञेने छापला आणि नावे 'डब्ल्यूप्रिंटएफ'ने. 'सी'चा नियम आहे की प्रवाह उघडल्यावर पहिली आज्ञा जशी असेल, तसा त्या प्रवाहाचा स्वभाव ठरतो. पहिली आज्ञा बाइटांची असेल तर प्रवाह अरुंद, रुंद अक्षरांची असेल तर रुंद. एकदा ठरलेला स्वभाव मग बदलत नाही. अरुंद ठरलेल्या प्रवाहावर माझी रुंद नावे चढलीच नाहीत, आणि माझ्या संगणकाने तक्रारही केली नाही. 'डब्ल्यूप्रिंटएफ'ने उत्तरादाखल उणे एक दिला होता. तो मी पाहिलाच नाही.

प्रवाह कोणत्या मापाचा आहे हे 'एफवाइड' या आज्ञेने विचारता येते. माप बदलायचेच असेल, तर तो प्रवाह बंद करून 'फ्रीओपन'ने पुन्हा उघडावा लागतो. बार्शीच्या मार्गाचेही तसेच झाले. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तो टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला, पण त्यासाठी जुने रूळ उखडावे लागले. एकाच रुळावर एक दिवस ही गाडी, एक दिवस ती, असे चालत नाही. तुम्ही मात्र सोपा मार्ग धरा : एका प्रवाहावर आरंभापासून शेवटपर्यंत एकाच प्रकारच्या आज्ञा वापरा.

तिसरी चूक : बाइट मोजून नाव कापणे

दोन दिवस हरल्यावर मी कंटाळलो. रुंद अक्षरांचा नाद सोडला आणि यूटीएफ-८ चे बाइट जसेच्या तसे 'प्रिंटएफ'ने पाठवले. हे चालते, आणि त्यात काही गैरही नाही. बंद पोती इकडून तिकडे न्यायची असतील, तर आत काय आहे हे पाहण्याची गरज नसते. पण यादीचे रकाने सरळ यावेत म्हणून मी प्रत्येक नावाला २० बाइटांची मर्यादा घातली. इंग्रजीत ज्ञानेश्वर लिहायला ११ अक्षरे लागतात, म्हणजे वीस भरपूर झाले, असा माझा हिशेब.

आता मराठीचा हिशेब करा : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा क्रमांक, तीस बाइट. वीस बाइटांत सहा क्रमांक पूर्ण बसले, ते 'ज्ञाने'. उरलेले दोन बाइट 'श'चे, तिसरा डबा तुटलेला. तीन डब्यांच्या गाडीचे दोनच डबे पोहोचले, म्हणून पडद्याने तेथे प्रश्नचिन्ह काढले.

आणि जरा विचार करा. मी २० ऐवजी २१ ही मर्यादा घातली असती तर? 'श' पूर्ण बसला असता आणि यादीत छापले गेले असते 'ज्ञानेश'. शुद्ध, सुबक, पण दुसऱ्याच मुलाचे नाव! प्रश्नचिन्ह दिसले म्हणून तो मुलगा तक्रार घेऊन आला. 'ज्ञानेश' दिसले असते, तर वाचणाऱ्या कुणालाच शंका आली नसती. गुणपत्रिका, शिधापत्रिका, सातबारा, दवाखान्याचा कागद येथे असे झाले तर काय होईल, ते तुम्हीच पाहा. दिसणारी चूक परवडते. न दिसणारी चूक माणसाचे नाव बदलून टाकते.

येथे रुंद अक्षरांची किंमत कळते. मजकूर नुसता वाहून न्यायचा असेल तर बाइट पुरतात. तो मोजायचा, कापायचा, त्यात शोधायचे असेल, तर एक खण म्हणजे एक क्रमांक ही व्यवस्था सोयीची, कारण तीत अक्षराचे तुकडे पडत नाहीत. पण तेवढ्यानेही काम पुरे होत नाही. सात क्रमांकांवर कापले तरी 'ज्ञानेश'च येणार. आपण उच्चारतो ती अक्षरे चारच आहेत : ज्ञा, ने, श्व, र. कापायचेच तर ती पाहून कापावे. नाव असेल तर कापूच नये. रकाना रुंद करावा. मी शेवटी तेच केले.

तुमच्या वाट्याचे काम

शेवटी एक सूचना. रुंद खणाची रुंदी सगळीकडे सारखी नसते. विंडोज प्रणालीवर ते १६ बिटांचे असते आणि त्यात ६५,५३५ पर्यंतचेच क्रमांक मावतात. देवनागरीला ते पुरते. पण आपली मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, तेव्हा तिचा 'अ' ७१,१६८ या क्रमांकावर बसला. तो १६ बिटांच्या एका खणात मावत नाही. त्याला दोन खणे लागतात. मोडी दप्तरे संगणकावर आणण्याचे काम तुमच्यापैकी कोणी हाती घेतले, तर हे आधी लक्षात ठेवा.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि करून पाहा.

१. 'क'चा क्रमांक २३२५. त्याचे तीन बाइट कोणते?

२. 'अक्कलकोट' या शब्दात क्रमांक किती, बाइट किती आणि उच्चारातील अक्षरे किती?

३. प्रवाहात २२४, १६४, १७९ हे तीन बाइट आले. अक्षर कोणते? (उलट रीत वापरा : प्रथम भर वजा करा, मग ६४ ने गुणा. 'ल'चा क्रमांक २३५४ आहे, एवढी मदत पुरे.)

४. तुमचे संपूर्ण नाव किती बाइटांचे आहे? वीस बाइटांवर कापले तर काय उरते?

उत्तरे : (१) २२४, १६४, १४९. (२) आठ क्रमांक, २४ बाइट, पाच अक्षरे. (३) क्रमांक २३५५, म्हणजे आपला 'ळ'. (४) हे उत्तर ज्याचे त्याने काढायचे आहे. शिक्षकांनी वर्गाची हजेरी घेताना सर्वांत लांब नाव कोणाचे ते शोधावे आणि कोणतीही यादी करताना रकाना त्या नावाएवढा ठेवावा.